आधी आलेलं उत्तर

१

सायलस ब्रॅडॉकचा खून झाल्याचं मला शुक्रवारी सकाळी आठ वाजता कळलं, आणि तोवर त्याची जाहिरात छापून वाळतही आली होती. आमच्या पोर्ट कॉल्डरचा ‘बीकन’ दर शनिवारी निघतो. पहिलं पान जाहिरातींचं, ते गुरुवारी संध्याकाळीच छापून ठेवायचं. आतली पानं बातम्यांची, ती शुक्रवारी. त्यामुळे त्या आठवड्याच्या अंकात ब्रॅडॉक पहिल्या पानावर जिवंत होता आणि तिसऱ्या पानावर मेलेला.

त्याला पाहिलं त्याच्या मेहुण्याने, एडविन हार्टनेलने. दुकानामागच्या कोठीत, पेट्यांच्या मधे पालथा, डोकं फुटलेलं. शेजारी चहाच्या पेट्या उघडायची लोखंडी पहार. डॉक्टर म्हणाला, गुरुवारी कधीतरी. जुलैच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्याच्या, थंडीत दगडी फरशीवर पडलेल्या माणसाची याहून नेमकी वेळ सांगायला मी काय देव आहे का, असंही म्हणाला.

मी मर्सी ट्रेगियर. माझा नवरा ‘बीकन’मध्ये खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचा. नऊ वर्षांपूर्वी नदीच्या मुखाशी त्याची होडी उलटली, आणि पुढच्या सोमवारपासून त्याच्या जागी मी उभी राहिले. जाहिराती घ्यायच्या, वहीत कोणाची कधी आली ते दिवस-वेळेसकट टिपायचं, आणि अक्षर अक्षर वेचून जुळवायच्या. गावातली माणसं माझ्याशी जाहिरातीपुरतंच बोलतात. मीही कोणाला जास्त थारा देत नाही. पण कोणाचं चीज तीन महिने पडून आहे, हे मला त्याच्या बायकोआधी कळतं.

इथे सोनं सापडायचं तेव्हा टाइड स्ट्रीटवर चालायला जागा नसायची. सोनं संपलं तशी माणसंही गेली. फळ्या ठोकलेल्या दुकानांच्या त्या रांगेत समोरासमोर दोन दुकानं उरली होती, ब्रॅडॉकचं आणि फर्गस डॅलग्लीशचं. दोघेही साठीचे, दोघांचीही बायको चर्चमागच्या टेकडीवर पुरलेली, आणि दोघांचं हाडवैर. हे वैर आठ वर्षं पहिल्या पानावर चाललं होतं. वर ब्रॅडॉक, खाली डॅलग्लीश.

“समोरून मेणबत्ती घेणाऱ्यांनी माझ्याकडचीही एक न्यावी,” ब्रॅडॉक लिहायचा, “म्हणजे समोरची पेटली आहे की नाही ते बघता येईल.” त्याच अंकात, लगेच खाली, डॅलग्लीश: “मि. ब्रॅडॉक यांच्या मेणबत्तीचा उजेड फार लख्ख आहे. त्यात त्यांचे भाव स्पष्ट दिसतात आणि गिऱ्हाईक घाबरून पळतं.”

या दोन चौकटींसाठी लोक ‘बीकन’ विकत घ्यायचे. गावात दोन तट होते, ब्रॅडॉकचा चहा पिणारे आणि डॅलग्लीशचा चहा पिणारे. लग्न जुळवतानासुद्धा पलीकडचे कुठला चहा पितात ते विचारत.

शुक्रवारी साडेनऊला सार्जंट मॅहरने डॅलग्लीशला उचललं. दहा वाजता मॅहर माझ्यासमोर उभा राहिला आणि छापलेल्या पानावर त्याने बोट ठेवलं.

“ट्रेगियरबाई,” तो म्हणाला, “हे तुमच्यामुळे झालं.”

२

पानावर होतं ते असं.

वर: “सायलस ब्रॅडॉकचा जाहीर इशारा. समोरचा फर्गस डॅलग्लीश चहात एकदा वापरून वाळवलेली पत्ती मिसळतो. पुढच्या शनिवारी याच जागी पुरावा देईन. मग त्याने गावात तोंड दाखवून बघावं.”

खाली: “वर मि. ब्रॅडॉक यांनी जे लिहिलं आहे ते मला पूर्णपणे मान्य आहे. पहिल्यांदाच. फर्गस डॅलग्लीश.”

“माज बघा माणसाचा,” मॅहर म्हणाला. “मान्य आहे म्हणे! संध्याकाळी जाऊन डोकं फोडायचंच होतं, मग काय, सगळंच मान्य. आणि त्याला वरचं वाचायला कोणी दिलं? तुम्ही. दर आठवड्याला देता. त्याशिवाय त्याच अंकात त्याचं उत्तर येतं कसं? अख्ख्या गावाला माहीत आहे.”

“गावाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी एकाची जाहिरात दुसऱ्याला कधी दाखवलेली नाही.”

“सोमवारच्या बोटीने मी त्याला मोठ्या कोर्टात नेतोय. तिथे शपथेवर सांगा. तुम्ही दाखवलीत म्हणून त्याला कळलं, कळलं म्हणून त्याने मारलं. तो फासावर जाईल, बाई. आणि तुमच्या हातात जाहिरात द्यायला यापुढे कोणी येईल असं मला वाटत नाही.”

ते शब्द लागले मला. त्या अक्षरांच्या खणांशिवाय आणि खिळ्यांशिवाय माझं या गावात काय होतं? मी वही काढली आणि त्याच्यासमोर उघडून धरली.

“वाचा. डॅलग्लीश, गुरुवार, सकाळी दहा. ब्रॅडॉकची, हार्टनेलच्या हस्ते, संध्याकाळी पाच. जी आलीच नव्हती ती मी दाखवू कशी?”

त्याने मागची पानं उलटली. त्याआधीच्या गुरुवारी तेच. त्याआधीही तेच. आठ वर्षं, दर गुरुवारी, उत्तर सकाळी यायचं आणि टोमणा संध्याकाळी. आधी कळस, मग पाया.

“हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही?”

“आलं होतं. मला वाटायचं ब्रॅडॉकच्या दुकानातून डॅलग्लीशला कोणीतरी बातमी देतं. पण माझ्याशी बोलतं कोण, की मी ते सांगावं?”

मॅहरने वही मिटून परत दिली. “तुम्ही नाही तर दुसऱ्या कोणी सांगितलं. मला काय फरक पडतो? साडेचारला ब्रॅडॉकने हार्टनेलला जाहिरात सांगितली. पाचला हार्टनेल इथे आला, इथून चॅपलच्या चहापानाला गेला आणि रात्रीपर्यंत चाळीस माणसांत गात होता. डॅलग्लीश मात्र पाचनंतर घरात एकटा. दुसरं कोण उरतं?”

“आणि पाचच्या आधी डॅलग्लीश कुठे होता?”

“धक्क्यावर. फुटलेल्या जहाजाच्या मालाचा लिलाव होता ना, साडेदहापासून दिवे लागेपर्यंत. अख्खा रस्ता तिथे लोटला होता. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. येड्याने भिजक्या मनुकांचं पिंप घेतलं.”

म्हणजे सगळं अडलं होतं एका वाक्यावर, साडेचारला ब्रॅडॉक जिवंत होता या वाक्यावर. आणि हे वाक्य बोलणारा माणूस एकच होता.

३

दुपारी मी ब्रॅडॉकच्या दुकानात गेले. दारावर काळी फीत होती, पण दार उघडं होतं. एडविन हार्टनेल पस्तिशीचा, चॅपलमध्ये उंच सुरात गाणारा, नीटनेटका माणूस. ब्रॅडॉकची बायको ही त्याची बहीण. ती गेल्यावरही तो दाजींजवळच राहिला. दुकान पुढे त्याचंच व्हायचं, हे सगळे धरून चालले होते.

“पाव रत्तल चहा द्या,” मी म्हणाले, कारण दुकानात उगाच उभं राहणं मला जमत नाही.

त्याचे डोळे सुजलेले होते. ते रडणं खोटं नव्हतं, हे आजही सांगते.

“जाहिरात ते स्वतः लिहायचे का?”

“दाजींचा हात कापायचा. खुर्चीत बसून सांगायचे, मी उतरवून घ्यायचो. कधी दुपारी, कधी उशिरा.”

“आणि काल?”

“काल साडेचारला. शब्दन् शब्द त्यांचा. सांगून झाल्यावर म्हणाले, तू जा चॅपलला, मी पेट्या मोजतो. मला काय माहीत, तो सैतान रस्ता ओलांडून...”

“दिवसभरात त्यांना आणखी कोणी पाहिलं?”

“अकराला मिसेस ऑर्चर्ड साबण घेऊन गेल्या. पुढे सगळे लिलावाला. गिऱ्हाईक होतं कुठे?”

“एडविन, रागावू नका, पण विचारते. तुमच्याकडची जाहिरात डॅलग्लीशला आधी कळायची. कोणाकडून?”

तो असा काही उसळला की तराजूतली पत्ती सांडली. “माझ्याकडून? बाई, बहिणीची शपथ घेतो. आठ वर्षं मी त्या माणसाच्या पायरीवर पाऊल टाकलेलं नाही. समोरून आला तर मी चिखलात उतरतो. त्याच्याकडे बघून टोपीला हात लावला नाही कधी. दाजींचा वैरी तो माझा वैरी.”

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. इतका द्वेष पैसे घेऊन बातम्या पोचवणाऱ्याला जमत नाही. त्याने मनापासून, निष्ठेने, दररोज द्वेष केला होता.

चहाची पुडी घेऊन मी पावसात बाहेर पडले. सांगणारी मी नव्हते, हार्टनेल नव्हता, आणि दुकानात तिसरं माणूस नव्हतंच. ब्रॅडॉक काय सांगणार हे गुरुवारी सकाळी दहाच्या आत ज्याला ठाऊक असायचं असा एकच माणूस उरत होता.

तो म्हणजे ब्रॅडॉक.

४

शनिवारी सकाळी अंक निघाला. एक प्रत घेऊन मी कोठडीवर गेले. डॅलग्लीश भिंतीकडे तोंड करून बसला होता. पुढ्यातलं मटण आणि बटाटे तसेच गार झाले होते.

“तुम्ही वरची जाहिरात वाचली आहे का?” मी विचारलं.

“वाचायची काय गरज? मला माहीत आहे ती.”

“तरी वाचते.” आणि मी गजांतून ती वाचून दाखवली.

तो वळला. हळूहळू उठून गजांपाशी आला, चष्मा नाकावर सरकवला आणि स्वतः वाचली. दोनदा वाचली.

“हे सायलसचं नाही.”

“कशावरून?”

“माझ्या चहाला तो नावं ठेवणं शक्य नाही. मेणबत्त्यांना ठेवेल, चीजला ठेवेल, माझ्या नाकाला ठेवेल. चहाला नाही.” जरा थांबून तो म्हणाला, “चहा एकच आहे, बाई. दोन्ही दुकानांतला. दोघांच्या नावाचं मागणीपत्र मीच लिहितो, एकाच व्यापाऱ्याला, एकाच मळ्याच्या चहाचं. पेट्यांवर नावं तेवढी वेगळी येतात.”

मला बसायला काही नव्हतं, नाहीतर बसले असते.

“पहिलं भांडण खरं होतं,” तो सांगू लागला. “काडेपेट्यांवरून. मग एका रविवारी उत्तरेच्या किनाऱ्यावर गाठ पडली. तोही एकटा फिरत होता, मीही. त्या किनाऱ्यावर दुसरं कोण येतं? वाहून आलेल्या लाकडांची एक खोपटी आहे तिथे. पाऊस लागला म्हणून आत शिरलो. तो म्हणाला, डॅलग्लीश, तू मला उत्तर दिलंस ते बरं होतं, पण शेवट फसला. मी म्हटलं, तूच सांग मग शेवट. तेव्हापासून दर रविवारी दोघांच्याही जाहिराती तिथेच जमायच्या. अर्धे टोमणे माझ्यावरचे माझेच आहेत. तो ते पाठ करायचा आणि गुरुवारी मेहुण्याला सांगताना आत्ताच सुचल्यासारखं करायचा. मी आपली सकाळीच देऊन टाकायचो.”

“लपवायचं कशाला?”

“गावाला भांडण लागतं, बाई. दोन म्हातारे एकमेकांना धरून आहेत हे वाचायला कोण येईल? हसले असते. काल सार्जंटला म्हटलं, आम्ही मित्र होतो. तो एवढा हसला की त्याला खोकला लागला. मग मी गप्पच बसलो. बोलायचं कोणासाठी आता?”

“खरी जाहिरात काय होती?”

त्याने डोळे मिटले आणि पाठ म्हटली. “सायलस ब्रॅडॉक कळवतो की समोरच्या दुकानाबद्दल त्याने आठ वर्षं जे जे लिहिलं ते सगळं खोटं होतं. चहा तिथेही चांगलाच मिळतो. आजपासून दोन्ही दुकानं एका पाटीखाली.” मग म्हणाला, “आणि खाली मी, मला मान्य आहे. गाव एकाएका घराने रिकामं होतंय. म्हटलं, उरलेले दिवस एका छपराखाली काढू. हार्टनेलला तो गुरुवारीच सांगणार होता, जाहिरात सांगताना.”

बाहेर किल्ल्या वाजल्या. मॅहर दारात उभा होता.

“झाली गोष्ट?” तो म्हणाला. “छान रचतो म्हातारा. पण कागदाचा एक तुकडा तरी दाखवा, ट्रेगियरबाई. बोट सोमवारी दहाला सुटते.”

५

खऱ्या जाहिरातीचा कागद असता तर तो हार्टनेलच्या शेगडीत जळाला असणार. मी रस्त्यात उभी राहून विचार केला, आणि माझा विचार नेहमी जाहिरातीच्या बाजूने चालतो. नऊ वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. दुकानदार पेपरात नवं नाव जाहीर करतो तेव्हा दारावरची पाटी आधीच तयार असते. जाहिरात वाचून गिऱ्हाईक आलं आणि दारावर जुनंच नाव असलं तर त्याच्यासारखी शोभा नाही. जाहिरात शनिवारची, म्हणजे पाटीही शनिवारचीच.

गावात पाट्या रंगवणारा एकच, लिंडक्विस्ट नावाचा स्वीडनचा सुतार. शवपेट्याही तोच करतो. मी गेले तेव्हा तो ब्रॅडॉकच्या पेटीला कड्या बसवत होता.

“सायलस ब्रॅडॉकने तुम्हाला पाटी सांगितली होती का?”

“हो,” तो म्हणाला आणि कडी बसवत राहिला.

“काल हे का बोलला नाहीत?”

“शनिवारपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. काल शुक्रवार होता.” त्याने हातोडी खाली ठेवली. “आज विचारलंत, सांगितलं.”

“अहो, तुमच्या या शनिवारापायी एक माणूस फासावर चढत होता!”

“मला कोणी विचारलं नाही, बाई. माझ्याकडे माणसं येतात ती मापं घेऊन येतात. गप्पा मारायला कोण येतं?”

त्याने कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं. दहा फूट लांब फळी, हिरव्यावर सोनेरी अक्षरं: ‘ब्रॅडॉक आणि डॅलग्लीश’. मागच्या बाजूला मापाची खूण आणि ब्रॅडॉकची कापऱ्या हाताने केलेली सही.

६

दुपारी तीनला मॅहरच्या खोलीत मी दोन किटल्या ठेवल्या. एक हार्टनेलकडचा चहा. दुसरा माझ्या शेजारणीकडून मागून आणलेला, डॅलग्लीशचा. हार्टनेलला बोलावून घेतलं होतं. डॅलग्लीश हवालदाराशेजारी उभा होता. पाटी भिंतीला टेकवलेली, गोणपाटाखाली.

“सार्जंट, तुम्ही कुठला चहा पिता?”

“डॅलग्लीशचाच. त्याला अटक केली म्हणून चहा बदलत नाही मी.”

“मग ओळखा.”

त्याने दोन्ही कप प्यायले. पुन्हा प्यायले. “हा डॅलग्लीशचा. यात जोर आहे. तो दुसरा नुसता रंग.”

“जोर आहे तो ब्रॅडॉकचा,” मी म्हणाले. “आणि दोन्ही एकच.” डॅलग्लीशच्या दुकानातून आणलेलं व्यापाऱ्याचं पत्र मी पुढे केलं, दोघांच्या पेट्यांचं एकच.

मग मी हार्टनेलकडे वळले. “एडविन, ती जाहिरात ब्रॅडॉकने सांगितली, शब्दन् शब्द. असंच ना?”

“असंच.”

“जो चहा तो स्वतः विकत होता, त्यातच वापरलेली पत्ती आहे असं त्याने जाहीर केलं?”

त्याने किटल्यांकडे पाहिलं.

“बरं, ते सोडा. आठ वर्षं या दोघांच्या जाहिराती कुलपाला किल्ली बसावी तशा एकमेकींत बसल्या. याच आठवड्यात बसल्या नाहीत. डॅलग्लीशने सकाळी ‘मान्य आहे’ लिहिलं, ते दुसऱ्याच कशाला तरी. कशाला, ते बघा.” मी गोणपाट खाली ओढलं.

मॅहर खुर्चीतून उठला. हार्टनेलने पाटीकडे पाहिलं आणि नजर फिरवली. त्याला तिचं नवल वाटलं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

“तेव्हा तुम्ही आणलेली जाहिरात ब्रॅडॉकची नव्हती, तुमची होती,” मी म्हणाले. “दुसऱ्याच्या नावाने खोटी जाहिरात देणं सोपं आहे. अवघड आहे ते शनिवारी. सकाळी पेपर येतो, मालक वाचतो आणि विचारतो, हे काय छापलंय? गुरुवारी पाचला तुम्ही माझ्यासमोर उभे होतात आणि तुम्हाला या शनिवारची भीती नव्हती. ब्रॅडॉक हा अंक वाचणार नाही, हे त्या वेळी गावात फक्त तुम्हाला ठाऊक होतं.”

मॅहर बोटांवर काहीतरी मोजत होता. “म्हणजे पाचच्या आधी,” तो स्वतःशीच म्हणाला. “पाचच्या आधी तर डॅलग्लीश माझ्या शेजारी मनुका घेत होता.”

हार्टनेल बोलला तेव्हा त्याचा तो उंच आवाज अगदी खाली आला होता.

“मला म्हणाले, आजची जरा वेगळी आहे, लिही. मी लिहीत गेलो. मग म्हणाले, अरे, ती गंमत होती, एडविन. गंमत! आठ वर्षं मी या माणसासाठी चिखलात उतरलो. चॅपलमधल्या एका मुलीला मी पसंत होतो. तिचा बाप डॅलग्लीशचा चहा पितो म्हणून मी तिच्याशी बोलणं सोडलं. का, तर दाजींना वाईट वाटेल. दुकान गेलं त्याचं एवढं नाही. दर रविवारी दाजी फिरायला जायचे आणि मी घरात एकटा त्यांची वाट बघत बसायचो. एकदा तरी मला सांगायचं! एकदा तरी बरोबर न्यायचं! मी पेटी उघडायला कोठीत गेलो, तर तिथेही मागे येऊन दाजी हसत होते हो सांगताना. पहार हातातच होती.”

डॅलग्लीश पुढे सरकला. मला वाटलं, मारतो आता. त्याने नुसतं विचारलं, “त्याला त्रास झाला का रे?”

“नाही,” हार्टनेल म्हणाला, आणि मग तो ओक्साबोक्शी रडला.

७

सोमवारच्या बोटीने हार्टनेल गेला. मॅहर माझ्याकडे येऊन टोपी काढून काहीतरी पुटपुटला, ते मी माफी म्हणून धरलं. मंगळवारी ब्रॅडॉकला पुरलं. सगळं गाव लोटलं होतं. डॅलग्लीश एका बाजूला उभा होता आणि त्याच्याशी काय बोलावं ते कोणालाच कळत नव्हतं. वैऱ्याच्या दुखवट्याला काय म्हणायचं असतं?

गुरुवारी सकाळी दहाला तो छापखान्यात आला. जाहिरात आणली नव्हती. फळीवर कोपरं टेकून नुसताच उभा राहिला. मी एका बियाणेवाल्याची यादी जुळवत होते, ती जुळवत राहिले.

“एक विचारू का, बाई?”

“विचारा.”

“एखादी ओळ जमली की सायलस म्हणायचा, हे जुळवताना ट्रेगियरबाई हसतील का रे? तुम्हीच आमच्या पहिल्या वाचक ना. मी म्हणायचो, ती बाई जन्मात हसत नाही. तो म्हणायचा, हसत असणार, पैज लाव. एकदा तर टोपी घालून उठलाच. म्हणाला, चल, जाऊन विचारू, तिलाही इथे आणून बसवू. मीच त्याला ओढून खाली बसवलं. म्हटलं, आपल्यालाच हसेल.” त्याने चष्मा काढून कोटाला पुसला. “हसायचात का?”

माझ्या हातातला खिळा कुठल्या खणातला ते मला आठवेना.

“दर गुरुवारी,” मी म्हणाले. “इथे एकटी उभी राहून. डोळ्यांत पाणी येईस्तोवर.”

त्याने चष्मा पुन्हा नाकावर चढवला.

“मग सांगायचं ना, बाई,” तो म्हणाला.